हेबकॅल ही ज्यू तारखा-वेळांची वेबसाइट: मुंबईची वेळ गोंदियात का चालत नाही, आणि बाकीचं

मुंबईत छापलेली ज्यू दिनदर्शिका गोंदिया किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या घराच्या भिंतीवर लावली, तर सणांच्या तारखा बरोबर येतात, पण शुक्रवारी दिवे लावायची वेळ चुकते. आणि बरीच चुकते. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रामाचा दिवस. त्याचे दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचे, हा सर्वसाधारण हिशोब. मुंबई साधारण ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे, गोंदिया ८०.२ वर. रेखांशाच्या एका अंशामागे सूर्य चार मिनिटं पुढे-मागे होतो, म्हणजे गोंदियात तो मुंबईच्या जवळपास अर्धा तास आधी मावळतो. गोंदिया थोडं उत्तरेलाही आहे, म्हणून हिवाळ्यात हा फरक ३४ मिनिटांपर्यंत ताणला जातो आणि उन्हाळ्यात २४-२५ वर येतो. १८ मिनिटांची सवड त्यात कुठल्या कुठे जाते.

एक तारीख घेऊन पाहू. ४ डिसेंबर २०२६, शुक्रवार. त्याच संध्याकाळी हनुक्का या दिव्यांच्या सणाची पहिली ज्योत आहे. मुंबईत सूर्यास्त साधारण ६ वाजता, म्हणजे दिवे ५:४२ ला. नागपुरात सूर्य ५:३१ च्या सुमारास मावळतो, गोंदियात ५:२६ ला. मुंबईचं कोष्टक पाहून गोंदियात ५:४२ ला काडी ओढली, तर शब्बाथ लागून पाव तास उलटलेला असतो. आणि शब्बाथ लागल्यावर विस्तव पेटवायचा नाही, हा तर पहिला नियम. बुलडाण्यात तीच वेळ निभावते, कारण तिथला फरक १० ते १६ मिनिटांचाच आहे. यवतमाळ काठावर आहे: उन्हाळ्यात ऐन सूर्यास्ताला काडी लागते, हिवाळ्यात सूर्यास्तानंतर पाच-सहा मिनिटांनी.

हेबकॅल ही मोफत वेबसाइट नेमकं हेच काम करते. आपल्या गावाची शब्बाथची आणि सणांची वेळ, इंग्रजी-हिब्रू तारखांची अदलाबदल, आठवड्याचा तोराचा (मोशेच्या पाच ग्रंथांचा) पाठ, रोजच्या अभ्यासाचं वेळापत्रक आणि माणूस गेल्याची हिब्रू तिथी, सगळं एका ठिकाणी मिळतं. हे परीक्षण पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी नाही. त्यांच्याजवळ सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनाघर, आहे, विचारायला माणसं आहेत. तालुक्याच्या गावी एक-दोन घरं असतील आणि सणाला चार गावची मंडळी एकत्र येत असतील, तिथे ही सेवा किती उपयोगी पडते, तेवढंच पाहायचं आहे.

सुरुवात जागेपासून करा. जागा निवडलीच नाही तर सणांची नुसती यादी येते, वेळा येतच नाहीत. जागा आपोआप ओळखण्यावर विसंबू नका, मोबाइल इंटरनेट पुष्कळदा भलत्याच शहराचं नाव दाखवतं. गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत स्वतः टाका आणि यादीत नाव दिसलं की पुढचं राज्यही वाचा, कारण अमरावती आंध्रातही आहे आणि तिच्या-आपल्या रेखांशात अडीच अंशांहून जास्त अंतर आहे. आपलं खेडं यादीत नसेल तर जवळचं तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं ठिकाण घ्या. आपल्या पट्ट्यात पूर्व-पश्चिम २६ किलोमीटरला जेमतेम एक मिनिट पडतं, त्यामुळे ३० किलोमीटरवरच्या गावाची वेळ बिनधास्त चालते. मेळघाटात डोंगराआड सूर्य लवकर दिसेनासा होतो. त्याने घाबरून जायचं कारण नाही, हिशोब सपाट क्षितिजाचा असतो.

दुसरी सेटिंग शब्बाथ संपण्याच्या वेळेची, म्हणजे हवदालाची. इथे दोन पद्धती मिळतात. एकीत सूर्य क्षितिजाखाली ८.५ अंश गेला की तीन लहान तारे दिसतात असं धरतात. दुसरीत सूर्यास्तानंतर ठरावीक मिनिटं मोजतात: ४२, ५० किंवा ७२. विदर्भाच्या अक्षांशावर ८.५ अंशांची वेळ सूर्यास्तानंतर ३३ ते ३७ मिनिटांनी येते, म्हणजे ती या सगळ्यांत लवकरची. घरात ७२ मिनिटांचा रिवाज असेल आणि सेटिंग तशीच सोडून दिली, तर दर शनिवारी निम्म्या तासाहून जास्त फरक पडेल. घरचा रिवाज एकदा वडीलधाऱ्यांना विचारून घ्या, बदल करा आणि मग कुणालाही हात लावू देऊ नका.

तिसरी गोष्ट इस्राएल की परदेश ही. भारतातलं गाव निवडलं की परदेशाचा हिशोब लागतो, पण जागा न निवडता यादी काढली तर हे स्वतः पाहावं लागतं. नुसता सणाचा एक दिवस कमी-जास्त होतो असं समजू नका, पाठही सरकतो. २०२७ मध्ये शावुओत, म्हणजे तोरा मिळाल्याचा सण, आपल्याकडे ११ आणि १२ जूनला, शुक्रवार-शनिवारी आहे. इस्राएलात शनिवारी नेहमीचा साप्ताहिक पाठ वाचतील, आपल्याकडे त्या दिवशी सणाचा पाठ. तिथून पुढे काही आठवडे दोन्हीकडचे पाठ एका आठवड्याने मागे-पुढे राहतात. इस्राएलची यादी घेऊन पाठ बसवला असेल, तर मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना हा गोंधळ बाहेर पडतो.

आता कागद. फोनवर सगळं दिसतं, मग छापायचं कशाला, असं कुणी विचारेल. पण शब्बाथला फोन बंद असतो आणि हवदालाची वेळ पाहायची गरज नेमकी तेव्हाच पडते. म्हणून पीडीएफ काढा आणि जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्या, हेच बरं. महिन्याचं पान आडवं येतं, ए-फोर कागद पुरतो. इथे एक हमखास चूक होते: पर्याय दिसले म्हणून सगळे निवडायचे. दफ योमी आणि मिश्ना योमी ही रोजच्या अभ्यासाची वेळापत्रकं, ओमेरची (वल्हांडणापासून शावुओतपर्यंतच्या दिवसांची) मोजणी, दर दिवसाची हिब्रू तारीख असं सगळं एका चौकोनात कोंबलं की ज्यासाठी छापलं ती दिव्याची वेळ मुंगीएवढी होते. भिंतीवरच्या प्रतीत सण, दिवे, हवदाला आणि आठवड्याचा पाठ एवढंच ठेवा. अभ्यासाचं वेळापत्रक वेगळं काढा. रंगीत छपाई नको असेल तर सणाचे दिवस हायलायटरने रंगवा, कारण काळ्या-पांढऱ्यात सण आणि साधा दिवस सारखाच दिसतो. वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरला बदलतं, त्यामुळे जानेवारी ते डिसेंबर छापण्याऐवजी हिब्रू वर्षाप्रमाणे, म्हणजे ५७८७ असं टाकून, पानं काढली तर रोश हशानाच्या, म्हणजे नववर्षाच्या, तोंडावर धावपळ होत नाही.

फोनवर ठेवायचं असेल तर गूगल कॅलेंडरात फाइल टाकण्याऐवजी दुव्याने जोडा. फाइल थेट आपल्या मुख्य कॅलेंडरात ओतली की दीड-दोनशे नोंदी शेतीच्या, शाळेच्या, कर्जाच्या हप्त्याच्या नोंदींत मिसळतात आणि नंतर एकेक पुसत बसावं लागतं. अँड्रॉइडच्या ॲपमधून दुवा जोडता येत नाही. ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट उघडून जोडा, मग तो फोनवर येतो. एकदा आला की नेटवर्क नसतानाही दिसतो, आणि खेड्यात तेच हवं असतं.

२०२६ च्या सप्टेंबरात सणांची जी रांग लागते, तिच्यावरून या सेवेचा चांगला अंदाज येतो. रोश हशाना, म्हणजे बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू) घरांतला नव्याचा सण, शुक्रवारी ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो, पोळ्याच्या अमावास्येला अगदी खेटून. म्हणजे ज्या गावात कालपरवा बैल सजले, तिथेच लगेच मध आणि सफरचंदाची तयारी. सण शनिवार-रविवार. पहिला दिवस शब्बाथ असल्याने त्या दिवशी शोफार (मेंढ्याचं शिंग) वाजत नाही, रविवारी १३ तारखेला वाजतो. लांबून येणाऱ्यांना हे आधी सांगा, नाहीतर लोक शनिवारच्या हिशोबाने येतात आणि रविवारी सकाळच्या एसटीने परत जातात. दुसऱ्या रात्रीचे दिवे सूर्यास्ताआधी लावायचेच नाहीत. शब्बाथ संपल्यावर, अंधार पडल्यावर, आधीपासून तेवत असलेल्या ज्योतीवरून ते लावायचे. हेबकॅलवर त्या रात्रीची वेळ उशिराची दिसते, ती चूक नाही. त्यासाठी शुक्रवारीच ४८ तास टिकणारा दिवा लावून ठेवावा लागतो, ही गोष्ट मात्र दिनदर्शिका सांगत नाही. नदीकाठचा तशलिखचा, म्हणजे पापं पाण्यात सोडायचा, विधीही रविवारीच. सप्टेंबरात वर्धा, वैनगंगा, पैनगंगा दुथडी असतात, घाटाच्या वरच्या पायरीवरूनच म्हणा.

सोमवारी १४ सप्टेंबरला गदल्याचा उपवास आणि गणेशचतुर्थी एकाच दिवशी. उपवास पहाटेपासून तारे दिसेपर्यंत. शेजारून मोदकाचं ताट येईल, ते झाकून ठेवा. योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा उपवास, २० ला संध्याकाळी लागून २१ ला रात्री सुटतो. सुक्कोत, म्हणजे मांडवात (सुक्क्यात) जेवायचा सण, २५ च्या संध्याकाळपासून. सुक्क्याचं छत जमिनीत उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूचं लागतं. गावात तुराट्या, पळसाच्या डहाळ्या, सिंदीचे झाप मिळतात, ते सगळं चालतं. पत्रा आणि ताडपत्री चालत नाही. परतीचा पाऊस असतो म्हणून ताडपत्री वर टाकून ठेवायची असेल तर जेवायला बसण्यापूर्वी काढा. भर पावसात तिथे बसण्याची सक्ती नाही.

शुक्रवारच्या मेळाव्याबद्दल थोडं. हेबकॅलची वेळ म्हणजे दिवे लावायची वेळ, जमायची नव्हे. डिसेंबरात नागपूर भागात ती ५:१३ ला येते, आणि त्या वेळी वावरात कापसाची वेचणी संपून वजन चाललेलं असतं. म्हणून मागून मोजत या. स्वयंपाक ४:३० पर्यंत झालेला हवा. ४ डिसेंबरला हनुक्काची ज्योत शब्बाथच्या दिव्यांच्या आधी लावायची आणि तिच्यात रात्र पडल्यावरही अर्धा तास टिकेल इतकं तेल हवं, म्हणजे एकूण दीड तासाचं तेल ओता. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या त्या दिवशी उपयोगाच्या नाहीत. किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या, प्याल्यात किमान ८६ मिलिलिटर पेय लागतं. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तेव्हा वाइनच्या बाटलीच्या भानगडीत पडू नका. काळ्या मनुकांचं शरबत हा बेने इस्राएल घरांचा जुना रिवाज इथे उपयोगी पडतो: पाव किलो मनुका धुऊन अर्धा लिटर पाण्यात गुरुवारी रात्री भिजवायच्या, सकाळी हाताने चुरून फडक्यातून गाळायच्या. साखर घालू नका, मनुका पुरेशा गोड असतात. उन्हाळ्यात हेच शरबत रात्रभर बाहेर ठेवलं तर आंबतं, तेव्हा फ्रिज नाहीतर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं मडकं.

मिन्यान, म्हणजे दहा प्रौढ पुरुष, गावात जमणं अवघड. ते जमले नाहीत तर कद्दीश आणि बरखू या सामूहिक प्रार्थना आणि सेफेर तोरामधून (तोराच्या गुंडाळीतून) होणारं जाहीर वाचन राहून जातं, बाकीची प्रार्थना होते आणि पाठ पुस्तकातून वाचता येतो. हेबकॅल दर शनिवारचा पाठ सात भागांत आणि हफ्तारासह, म्हणजे संदेष्ट्यांच्या ग्रंथांतल्या जोड-उताऱ्यासह, देतं. बेने इस्राएल प्रार्थनेची धाटणी सेफारदी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) वळणाची, तेव्हा हफ्तारा वेगळा असेल तिथे सेफारदींचा म्हणून दिलेला उतारा घ्या, वरच दिसणारा नव्हे. सहा-सात माणसांत एका बैठकीला अख्खा पाठ जड जात असेल तर तीन वर्षांत तोरा पूर्ण करणारं वाचनही तिथे आहे.

काही जण मुंबई-पुण्याच्या ऑनलाइन प्रार्थनेत सामील होतात. तिथे पुन्हा तोच रेखांश आडवा येतो. मुंबईत दिवे लावण्याआधीचा कार्यक्रम ऐन वेळेपर्यंत चालला, तर चंद्रपूर-गोंदियात तोवर शब्बाथ लागलेला असतो आणि फोन हातात. पूर्व विदर्भातल्या घरांनी गुरुवार रात्रीचे किंवा शनिवारी रात्रीचेच कार्यक्रम धरावेत. शनिवारी आपला शब्बाथ आधी सुटतो, मुंबईच्या मंडळींसाठी अर्धा तास थांबावं लागतं, एवढंच.

अभ्यासाच्या बाजूने सेवा भरपूर देते, पण मराठी काही देत नाही. दफ योमी म्हणजे तालमुद या धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथाचं रोज एक पान, २,७११ पानं, साडेसात वर्षं. चालू फेरी ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली आणि ७ जून २०२७ ला संपते, ८ जूनला नवी. अधेमधे घुसण्यापेक्षा नव्या फेरीत बसणं केव्हाही सोपं. पण ८ जून म्हणजे मृगाचे दिवस. पेरणीच्या धामधुमीत रोज पाऊण तास कोण काढणार? गावच्या गटाला रोज दोन मिश्नांचं (तालमुदातल्या मूळ छोट्या परिच्छेदांचं) वेळापत्रक किंवा नुसता आठवड्याचा पाठ झेपतो, आणि तोच बरा. दुवे सेफारिया या मोफत ग्रंथालयाकडे नेतात, तिथे मजकूर मुख्यतः हिब्रू आणि इंग्रजी. पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह सचित्र हगादा (वल्हांडणाच्या रात्रीची पोथी) छापली गेली होती. इतक्या वर्षांनंतर सणाचं नावसुद्धा देवनागरीत मिळू नये, हे खटकतं. हेबकॅल पोलिश, हंगेरियन, फिनिशमध्ये मिळतं. तोवर छापील पानावर दरफालनीचा सण (योम किप्पुर), बिरड्याचा रोजा (तिशा बआवचा उपवास) अशी घरची नावं पेनाने लिहून ठेवा, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांनाही कळेल.

तिथी काढायची सोय ही या वेबसाइटची सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि सगळ्यात जास्त चुका होतात त्याही इथेच. हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो. म्हणून मृत्यू सूर्यास्तानंतर झाला असेल तर तसा पर्याय निवडावा लागतो. ग्रामपंचायतीच्या मृत्यू प्रमाणपत्रावर तारीख असते, वेळ नसते. दवाखान्याचा कागद शोधा, तो नसेल तर त्या वेळी घरात कोण होतं त्याला विचारा: दिवेलागणीच्या आधी की नंतर. बदल कसा होतो ते पाहायला महाराष्ट्राची स्थापना, १ मे १९६०, टाकून बघा. दिवसा ४ इय्यार ५७२०, संध्याकाळनंतर ५ इय्यार. आदार महिन्यात गेलेल्यांचं आणखी एक. ५७८७ हे अधिक महिन्याचं वर्ष आहे. आपल्या पंचांगातला अधिक मास फिरता, २०२६ मध्ये तो ज्येष्ठ आहे. हिब्रूत मात्र नेहमी आदारच दोनदा येतो. पहिला आदार ८ फेब्रुवारी २०२७ पासून, दुसरा १० मार्चपासून. साध्या वर्षीच्या आदारात गेलेल्याची तिथी सेफारदी रिवाजात दुसऱ्या आदारात धरतात, अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) रिवाजात पुष्कळदा पहिल्यात. यंत्राने जी तारीख काढली ती कोणत्या आदाराची आहे, हे त्या वर्षी डोळ्यांनी तपासाच. नोंद केलेल्या तिथीची आठवण ईमेलवर येते. ईमेल रोज न उघडणाऱ्यांनी घरातल्या कॉलेजच्या पोराचा पत्ता द्यावा.

सामाजिक मेळाव्यांसाठी मात्र ही सेवा फारशी कामाची नाही, आणि तिची तशी प्रतिज्ञाही नाही. कोण कुठे जमणार, जेवण कुणाकडे, यातलं काही तिथे येत नाही. मलिदाही, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्यही, येत नाही, कारण तो नवस, लग्न, गृहप्रवेश अशा निमित्ताने ठरतो. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, मात्र एलियाहू हन्नावी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करायची प्रथा आहे, आणि ती तारीख हेबकॅलवरून काढता येते. ५७८७ मध्ये ती २३ जानेवारी २०२७, शनिवार. म्हणजे मलिद्याला योग्य संध्याकाळ शुक्रवारची, २२ तारखेची, आणि खोबरं खवणं, गूळ किसणं, फळं चिरणं हे सगळं दिवे लावायच्या आत, नागपूर भागात साधारण ५:४० पूर्वी. पंधरा माणसांना किलोभर जाडे पोहे, दोन नारळ, अर्धा किलो गूळ, वेलदोडे, बेदाणे आणि पाच प्रकारची फळं. पातळ पोहे घेऊ नका, गुळाच्या पाण्याने त्यांचा लगदा होतो. पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळू द्या, गूळ कोरडाच किसून घाला. फळांत संत्रं हवंच. जानेवारीत आंबिया बहराचं संपत आलेलं असतं आणि मृगाचं पुरतं यायचं असतं, तेव्हा बाजारात दोन-तीन दिवस आधी पाहून घ्या.